डफापासून रॅपपर्यंत : 'स्वदेशी'च्या शाहिरीचा एक विचार

रॅप हा शब्द उच्चारताच आपल्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. भराभर बोलणे, हातवारे, ढगळ कपडे आणि परदेशी नक्कल, एवढीच त्याची ओळख आपल्या घरांतून आहे. ही आठी सर्वस्वी अकारण आहे असे म्हणता येणार नाही. या प्रकारात आत्मस्तुती फार, शिवराळपणाही पुष्कळ. परंतु एखाद्या वाङ्मयप्रकाराची परीक्षा त्यातील गाळावरून करू नये, हा समीक्षेचा जुना दंडक आहे. लावणीची परीक्षा आपण होनाजी आणि रामजोशी यांच्यावरून करतो, बैठकीतल्या चवथ्या दर्जाच्या रचनेवरून नव्हे. तोच न्याय येथेही लावावयास हवा.

हिपहॉपचा जन्म 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत झाला असे मानतात. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्या कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषी मुलांनी तबकड्यांच्या ठेक्यावर आपले जिणे बोलायला सुरुवात केली. गाणे कमी आणि लयबद्ध बोलणे अधिक, हे त्याचे मुख्य लक्षण. अफजलपूर-आळंदच्या वाचकाला यात परके काय वाटावे? कल्याणच्या शरणांनी बाराव्या शतकात वचने रचली ती अशाच बोलत्या, गद्याच्या अंगाने चालणाऱ्या लयीत. आपल्या भागातले गीगी पद म्हणणारे गायक डफ आणि तुणतुणे घेऊन उभे राहतात, तेव्हा त्यांच्यात आणि पोवाडा गाणाऱ्या शाहिरात भाषेखेरीज कोणता भेद उरतो?

आज ज्यांच्याविषयी लिहावयाचे ते 'स्वदेशी' हे मुंबईचे मंडळ. त्यातील दोन नावे विशेष लक्षात घ्यावीत : अकलेश सुतार ऊर्फ एमसी मवाली आणि धर्मेश परमार ऊर्फ एमसी तोडफोड. पहिला मराठी-हिंदीत रचणारा. दुसरा नायगावच्या बी.डी.डी. चाळीतला, गुजराती हे आपले हत्यार मानणारा. या टोपणनावांतच एक टीका दडली आहे. 'मवाली' आणि 'तोडफोड' हे चाळीतल्या पोरांवर बाहेरच्या जगाने ठेवलेले आरोप. या मुलांनी ते आरोप नाकारले नाहीत, पदवीसारखे मिरवले. ज्या शब्दाने हिणवले जाते तोच शब्द अंगावर घेऊन बोलण्याची ही रीत दलित साहित्याने आपल्याला पूर्वीच शिकवली आहे.

'स्वदेशी'ची सर्वांत महत्त्वाची रचना म्हणजे 'द वारली रिव्होल्ट'. तिची पार्श्वभूमी आरेच्या जंगलाची. मुंबई मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडे तोडण्याविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2019 रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्यास सांगितले, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. या आरेत वारली पाडे आहेत. तेथील केल्टीपाड्याचे रहिवासी, चित्रकार आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज या रचनेत आहे.

येथे समीक्षकाने थांबावे. आदिवासी आवाज गाण्यात घेणे ही आजकाल फॅशन झाली आहे. आरंभी चार सूर आणि मग सगळा मान शहरी गायकाला. या रचनेत तसे घडलेले नाही. भोईर यांचे गाणे हा तिचा कणा आहे, आणि मवालीचे मराठी रॅप त्या गाण्याला धरून, त्याचे भाष्य म्हणून येते. मूळ धनी कोण आणि साथीदार कोण याचे भान राखले गेले आहे. शाहिरीत झीलकऱ्याला जी शिस्त लागते ती येथे मुख्य गायकानेच पाळली, हे मला या रचनेचे खरे मोठेपण वाटते.

दुसरा विशेष तालाचा. विवेक राजगोपालन या मृदंगवादकाने 'ता धोम' या उपक्रमात या मुलांना कर्नाटक संगीतातील तालबोल शिकविले. त्या शिक्षणाचे फळ 'इंडिया 91' या रचनेच्या रूपाने 2019 च्या 'गली बॉय' चित्रपटात आले. पुरंदरदासांना ज्या संगीताचे पितामह म्हणतात, त्या संगीताचे बोल मुंबईच्या चाळीतल्या मुलांच्या तोंडी मराठी, हिंदी, गुजराती, पंजाबी शब्दांचे ओझे सहज वाहतात. 'स्वदेशी'च्या रचनांत एक भाषा दुसरीला दरवाजा उघडून देते. कोणी कोणाचे भाषांतर करीत बसत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. वेगाच्या हव्यासाने शब्द पुष्कळदा गिळले जातात. अण्णाभाऊ साठे यांचे 'माझी मैना' गिरणगावात आणि खेड्यात एकदा ऐकून पाठ होई. कारण ध्रुवपदात श्रोत्याला जागा होती. रॅपमध्ये श्रोता बहुधा ऐकतो, म्हणत नाही. ज्याच्यासाठी लढायचे त्याच्या तोंडी गाणे बसले नाही, तर ते चळवळीचे कमी आणि मैफलीचे अधिक होते. शिवाय चित्रपटाने हात पुढे केला की बंडाचीही बाजारपेठ होते, हा धोका आहेच.

या गाण्याने काय साधले, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. कारशेड आरेतच झाले. ऑक्टोबर 2024 पासून त्या मार्गावर मेट्रो धावते आहे. धर्मेश परमार मार्च 2022 मध्ये अवघ्या 24 व्या वर्षी गेला. हिशेबाच्या वहीत ही बाजू तोट्याची दिसते. परंतु सीमाभागातील वाचकांना हा हिशेब नवा नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी निजामी राज्यातला आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेला. संयुक्त महाराष्ट्राची कवने गाणाऱ्यांना जे हवे होते ते सारे मिळाले नाही. तरी ती कवने खोटी ठरली काय? नकाशा बदलणे हे गाण्याचे काम नव्हे. कोणाचे काय गेले याची साक्ष देणे, ती पुढच्या पिढीच्या कानी राहील अशी देणे, हे त्याचे काम.

वाचकहो, यातून आपल्या घराला घेण्यासारखे एक आहे. आपली मुले शाळेत कन्नड, घरात मराठी, बाजारात दखनी बोलतात. पुण्या-सोलापूरच्या पाहुण्यांपुढे 'आमची मराठी शुद्ध नाही' म्हणून ती गप्प बसतात आणि हळूहळू त्या भाषेतच गप्प होतात. हे मौन कोणत्याही सरकारी आदेशाहून अधिक नुकसान करते. आपल्याच तालुक्यातील गाणगापूरच्या नृसिंहसरस्वतींचे चरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे मूळ कन्नडभाषी होते, हे 'गुरुचरित्र' वाचणारे प्रत्येक घर जाणते. परक्या म्हटल्या जाणाऱ्या भाषेत त्यांनी ग्रंथ उभा केला आणि तो मराठीचा झाला. तेच मुंबईची ही पोरे आज आपल्या परीने करीत आहेत : जी बोली तोंडात आहे तिच्यातच, मिसळ असेल तर मिसळीसकट, स्पष्ट बोलणे.

पंढरपूरचे पाणी घेऊन भीमा आपल्या तालुक्यात येते. येथे तिचे पाणी कोणत्या भाषेचे, असे कोणी विचारीत नाही. तेव्हा मुलगा कानात तारा अडकवून बसला असेल तर त्याला रागे भरण्यापूर्वी एक करावे : गाण्याचे शब्द विचारावेत. ते पोकळ निघाले तर तसे सांगावे. आणि त्यात आरेचे जंगल निघाले, तर आपल्या डफाची ओळख त्याला करून द्यावी. दोघांचे नाते त्याला लगेच कळेल.