‘सुदाम्याचे पोहे’ : वाचनारंभाचा प्रश्न

प्रास्ताविक : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) यांची विनोदी लेखमाला कोठून वाचावयास घ्यावी, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे. मालेतील पहिला लेख ‘साक्षीदार’ १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’त आला. पुढे अठरा लेखांचे ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ वाढून ‘साहित्य-बत्तिशी’ झाली.

विवेचन : वर्गात ‘चोरांचे संमेलन’सारखा सुटा, कल्पनारम्य लेख घेणे सोयीचे असते. तो तत्काळ हसवितो. परंतु सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे त्रिकूट अपरिचितच राहते आणि लेख कोटीबाजीचा नमुना ठरतो. टेरी प्रॅचेट यांच्या ४१ कादंबऱ्यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालेबाबतही हाच पेच आहे. तिची १९८३ मधील पहिली कादंबरी मुख्यतः अद्भुतकथांच्या विडंबनात रमते; तेथे मधूनच आरंभ करण्यास आधार आहे. कोल्हटकरांचे तसे नाही. व्यवसायाने वकील असलेला हा लेखक आरंभीच आपल्या परिचित क्षेत्राकडे वळतो. पुढे ‘गणेशचतुर्थी’, ‘शिमगा’ या लेखांतून उपरोधाचा रोख रूढींकडे जातो. हा विस्तार क्रमानेच जाणवतो. गडकऱ्यांचा ‘बाळकराम’ आधी वाचणाऱ्यास तर शिष्य भेटतो, गुरू राहून जातो.

निष्कर्ष : आरंभीची संस्कृतप्रचुर भाषा आजच्या विद्यार्थ्यास जड जाते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून गोडी लावण्यापुरता सुटा लेख घ्यावा. अभ्यासाचा आरंभ मात्र ‘साक्षीदार’पासूनच व्हावा. अन्यथा मराठी विनोद म्हणजे केवळ शब्दांच्या कसरती, हा गैरसमज आपणच दृढ करू.