श्वासरोधाचा सराव आणि जलतरणपटूची कामगिरी : एक चिकित्सा

स्पर्धात्मक जलतरणात श्वासरोधाच्या सरावाला प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांच्यामुळे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके मिळवणारे मार्क स्पिट्झ हे त्यांचे शिष्य. साहजिकच गुरूचे मत प्रशिक्षकवर्गात प्रमाण मानले गेले. दर दोन हातांऐवजी चार किंवा सहा हातांनंतर एकदा श्वास घेतल्यास शरीरात प्राणवायूची उणीव निर्माण होते आणि अतिउंचीवरील सरावाचा लाभ सखल प्रदेशातील तलावातही मिळतो, असा हा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाचा पाया मात्र पुढील काळातील मापनांत टिकला नाही. श्वासांची संख्या घटली की जलतरणपटू प्रत्येक श्वासात अधिक हवा घेतो. तरीही शरीरातील कार्बन डायऑक्साइड वाढतो. प्राणवायूची घट तुलनेने मर्यादितच राहते. शिवाय अतिउंचीवर रक्तात होणारे बदल हे तेथील प्रदीर्घ वास्तव्याचे फळ असते. काही मिनिटांचा श्वासरोध त्याची जागा घेऊ शकत नाही. उच्छ्वासानंतर श्वास रोखल्यास प्राणवायू खरोखर घटतो आणि वारंवार वेगाने पोहण्याची क्षमता वाढते, असे काही अभ्यास सुचवतात; परंतु मोजक्या खेळाडूंवरील निष्कर्षांना सार्वत्रिक नियमाचे रूप देणे योग्य नव्हे.

याचा अर्थ हा सराव सर्वस्वी निरर्थक आहे, असा नाही. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये श्वासासाठी मान वळवताना शरीराची सरळ रेषा मोडते व वेग घटतो. सूर मारल्यावर किंवा वळण घेतल्यावर पाण्याखालून नियमानुसार १५ मीटरपर्यंत जाता येते. अशा वेळी श्वासाची ऊर्मी सहन करण्याची सवय उपयोगी पडते. पण हा लाभ तंत्राचा आहे, दमसासाचा नव्हे. लांब पल्ल्याच्या जलतरणपटूला हवा नाकारणे म्हणजे सरावातील वेगच नाकारणे होय.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. श्वासाची ऊर्मी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने येते. बुडी मारण्यापूर्वी जलद, खोल श्वास घेतल्यास तो वायू घटतो व ऊर्मी लांबते. प्राणवायूचा साठा मात्र विशेष वाढत नाही. परिणामी कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते. उत्तम पोहणाराही त्यास अपवाद नाही. म्हणून श्वासरोधाचा सराव अल्प अंतराचा, पुरेशा विश्रांतीचा आणि सतत देखरेखीखालीच असावा. त्याची पैज कधीही लावू नये. दमसास वाढवण्याच्या भ्रामक आशेपोटी विद्यार्थ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणत्याही प्रशिक्षणपद्धतीला नाही.