अभ्यासाचे तास आणि अभ्यासाची काठिण्यपातळी

'पूर्वीचा अभ्यास कठीण होता' या विधानामागे बहुधा आठवणींखेरीज पुरावा नसतो. म्हणूनच फिलिप बॅबकॉक व मिंडी मार्क्स यांचे अमेरिकन महाविद्यालयांविषयीचे संशोधन महत्त्वाचे ठरते. तेथील पूर्णवेळ विद्यार्थी तासिका व स्वाध्याय मिळून १९६१ मध्ये आठवड्याला सुमारे ४० तास देत; २००३ मध्ये ते २७ वर आले. बहुतांश घट १९८१ पूर्वीची असल्याने तिचे श्रेय संगणकाला देता येत नाही. तथापि, तास घटले म्हणजे आशय सोपा झाला, हे अनुमान घाईचे आहे. सिद्ध होते ती केवळ विद्यार्थ्याकडून होणाऱ्या परिश्रमांतील घट. श्रेयांक तासांत मोजणाऱ्या आपल्या विद्यापीठांनीही कागदावरील तास प्रत्यक्षात किती घडतात, हे प्रथम तपासणे आवश्यक आहे.