दृष्टांत आणि दार्ष्टांतिक

मराठीतील लोकाभिमुख विज्ञानलेखनाची चर्चा बहुधा परिभाषेपाशी येऊन थांबते. संस्कृतोद्भव संज्ञा क्लिष्ट असतात. त्या टाळून घरगुती दाखले दिले की विषय सुबोध होतो, असे गृहीत धरले जाते. पण संज्ञा आणि दाखला यांतील हा भेद तितकासा पक्का नाही. ‘कृष्णविवर’ या संज्ञेतच एक दाखला दडलेला आहे, आणि वस्तुमानाच्या पराकोटीच्या संकोचाऐवजी तो पोकळी सुचवतो. विज्ञानलेखनातील दाखला हा अलंकार नसून प्रतिपादनाचा घटक असतो. म्हणूनच त्याची चिकित्सा समीक्षेच्या कक्षेत येते.

प्रसरणशील विश्वाच्या विवेचनात फुग्याचा दाखला रूढ आहे. दूरच्या दीर्घिका अंतराच्या प्रमाणात अधिक वेगाने दूर जात असल्याचे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. ठिपके काढलेला फुगा फुगवला की प्रत्येक ठिपका इतर सर्व ठिपक्यांपासून दूर सरतो आणि कोणताही ठिपका केंद्रस्थानी नसतो. येथवर दाखला चोख आहे. मात्र वाचकाच्या डोळ्यांसमोर फुग्याचा केवळ पृष्ठभाग राहत नाही, सबंध फुगा उभा राहतो. मग फुग्याच्या पोटात विश्वाचे केंद्र आहे, आणि बाहेरच्या रिकाम्या जागेत विश्व पसरत आहे, असे तो समजतो. शिवाय शाईचे ठिपके फुग्याबरोबर मोठे होतात. गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या दीर्घिका तशा फुगत नाहीत. एका यथार्थ कल्पनेबरोबर तीन भ्रामक कल्पना वाचकाच्या पदरी पडतात.

या संदर्भात महानुभाव वाङ्मयातील ‘दृष्टांतपाठा’ची रचना उद्बोधक ठरते. तेथे चक्रधरांचे सूत्र, त्यांचाच दृष्टांत आणि केशिराजबासांनी जोडलेले दार्ष्टांतिक असे तीन घटक आहेत. दृष्टांत मूळ प्रतिपाद्याला कसा लागू होतो, हे दार्ष्टांतिक सांगते. आजच्या बऱ्याचशा विज्ञानलेखनात सूत्र असते, दृष्टांतही असतो. दार्ष्टांतिक तेवढे गळालेले असते. वास्तविक येथे त्याची जबाबदारी अधिक आहे. साम्य कोठवर टिकते याबरोबरच ते कोठे संपते, हेही त्याने सांगावयास हवे.

अशा खुलाशांनी रसभंग होईल, हा आक्षेप अपेक्षित आहे. परंतु शाईच्या ठिपक्यांऐवजी फुग्यावर टिकल्या चिकटवाव्यात, एवढे सुचवले तरी चित्र बदलते: टिकल्या दुरावतात, पण मोठ्या होत नाहीत. ही दुरुस्ती का करावी लागली, असा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवतो आणि तेथून तो स्वतः विचार करू लागतो. साम्याची मर्यादा झाकून ठेवणारे लेखन त्याला निष्कर्ष देते, निष्कर्ष पारखण्याची रीत देत नाही. अशा लेखनाचा वाचक पोथी ऐकणाऱ्या भाविकापेक्षा फारसा वेगळा उरत नाही. आणि विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचा मूळ हेतूच त्यामुळे विफल होतो.