चाकाची खुर्ची आणि देवळाची पायरी

अपंग व्यक्तींची आत्मचरित्रे वाचण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत पडून गेली आहे. वाचक प्रथम हळहळतो, मग थक्क होतो, आणि शेवटी स्वतःच्या धडधाकट देहाबद्दल देवाचे आभार मानून पुस्तक मिटतो. परीक्षणकारही 'जिद्द', 'दुर्दम्य इच्छाशक्ती', 'नियतीवर मात' असे चार ठरलेले शब्द वाहून मोकळा होतो. श्रीमती नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' आणि श्रीमती मालिनी चिब यांचे २०१० सालचे इंग्रजी पुस्तक 'वन लिटल फिंगर' ही दोन आत्मकथने एकापाठोपाठ वाचली असता या रीतीचा उणेपणा आम्हांस फार जाणवला. अशा पुस्तकांत सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या आपल्या कानांवरून निघून जातात. त्या गोष्टी म्हणजे राहावयाचे घर आणि उपचाराचा दवाखाना. त्यांच्याच बाजूने या पुस्तकांकडे पाहावे, असा येथे विचार आहे.

नसीमाताई कोल्हापूरच्या. तारुण्यात पाऊल टाकण्याच्या वयात त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे त्यांनी केंद्रीय उत्पादनशुल्क खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. संस्थेचे 'घरौंदा' हे वसतिगृह आणि सिंधुदुर्गातील 'स्वप्ननगरी' येथला काजूप्रक्रियेचा उद्योग पुष्कळांच्या ऐकिवात आहे. आमचे लक्ष प्रथम वेधले ते पुस्तकाच्या नावाने. लेखिकेने आपल्या जीवनकथेला एखाद्या सद्गुणाचे नाव दिलेले नाही. एका वस्तूचे दिले आहे. सद्गुणाची स्तुती करून सुटता येते. वस्तूला मात्र लांबी-रुंदी असते. ती दारातून आत जाते की नाही, हा प्रश्न उरतोच. आमच्या मते या पुस्तकाची किल्ली त्या नावातच आहे.

हा प्रश्न किती जिवावरचा आहे, याची धडधाकट माणसास सहसा कल्पना नसते. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसास एकाच जागी बसून राहिल्याचे दुखत नाही. दुखत नाही म्हणून तो हलत नाही, आणि हाडाच्या टोकाखाली दाबली गेलेली कातडी रक्तावाचून मरू लागते. अशी जखम भरून येण्यास महिनेच्या महिने लागतात. ती चिघळली तर प्राणावर बेतते. लघवीचेही तसेच आहे. न्हाणीघराचे दार खुर्चीहून अरुंद असले, म्हणजे प्रत्येक वेळी कोणाला तरी उचलावयास हाक मारावी लागते. संकोचापायी माणूस पाणी पिणे कमी करतो. मग मूत्रमार्गाचा दाह, मुतखडा, आणि अखेर मूत्रपिंडाचा विकार अशी परंपरा सुरू होते. वैद्य ज्याला रोग म्हणून औषध देतो, त्याचे मूळ पुष्कळदा सुताराने बसविलेल्या चौकटीत असते.

आणि त्या वैद्यापर्यंत पोहोचावयाचे तरी कसे? दवाखाना पहिल्या मजल्यावर, तपासणीचे मेज कमरेइतके उंच, वजनाचा काटा उभे राहू शकणाऱ्यांसाठी! घरामुळे आजार जडतो आणि दवाखान्याच्या जिन्यामुळे तो वाढतो. घराचा प्रश्न निराळा आणि आरोग्याचा निराळा, अशी वाटणी सरकारी खात्यांस सोयीची असेल. अपंगाच्या आयुष्यात ती नसते.

मग आपल्या वाचनात हे का येत नाही? आम्हांस याचे कारण आपल्या एका जुन्या संस्कारात दिसते. गीतेच्या ध्यानश्लोकांत परमेश्वराच्या कृपेने पंगूने पर्वत ओलांडल्याचा उल्लेख येतो. तो भक्तीचा उद्गार आहे आणि त्या ठिकाणी यथार्थ आहे. परंतु आपण त्याचा एक सोयीचा अर्थ मनाशी धरला आहे : ज्याच्यावर कृपा आहे, किंवा ज्याच्या अंगी जिद्द आहे, तो चढेलच; डोंगराकडे आपण पाहण्याचे कारण नाही. नव्या काळातील गौरवाचे शब्दही याच वळणाचे आहेत. गेल्या दहा वर्षांत 'अपंग' जाऊन सरकारदरबारी 'दिव्यांग' आले. नाव दिव्य झाले. जोत्याची उंची होती तेवढीच राहिली.

परंपरेत दुसराही एक धडा आहे, आणि तो विस्मरणात गेला ही खेदाची गोष्ट होय. महाभारताच्या वनपर्वात आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र जनकाच्या यज्ञाकडे निघालेला असता राजाच्या स्वारीसाठी त्याला वाटेतून दूर केले जाऊ लागले. तेव्हा त्या मुलाने राजाला रस्त्याचा धर्मच सांगितला. वाटेचा मान आंधळ्याचा, बहिऱ्याचा, स्त्रीचा, ओझे वाहणाऱ्याचा आहे. राजाचा क्रम त्यांच्या मागून लागतो. जनकाने त्याचे म्हणणे मान्य करून वाट दिली. या कथेत अष्टावक्राने सरळ व्हावे अशी अपेक्षा कोणी धरलेली नाही. राजाने बाजूला व्हावे, एवढाच धर्म सांगितला आहे.

मालिनी चिब यांचे पुस्तक या धर्माची प्रचीती निराळ्या रीतीने देते. 'सेरेब्रल पाल्सी' हा विकार त्यांना जन्मापासून. मुलीच्या शिक्षणाच्या तळमळीतून त्यांच्या मातोश्री डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली. मालिनीबाई सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, पुढे लंडनमध्ये शिकल्या, आणि हाताच्या एका करंगळीने अक्षरे टंकित करून त्यांनी हे पुस्तक लिहिले. एकच देह दोन शहरांत राहतो. विजेवर चालणारी खुर्ची आणि ती चालू शकेल असे रस्ते मिळताच लंडनमध्ये त्याला एकट्याने हिंडता येते. मुंबईत तोच देह परावलंबी होतो. देह बदललेला नाही. तेव्हा परावलंबित्व कोठे होते, याचा निर्णय वाचकाने करावयाचा आहे. सुशिक्षित, जाणत्या कुटुंबाचे आणि परदेशवासाचे पाठबळ किती जणांस मिळते, असे बेळगाव-फोंड्याचा वाचक विचारील, आणि ते रास्तच आहे. पण या आक्षेपाने पुस्तकाचा मुद्दा खोडला जात नाही; जे पैशाने व प्रवासाने एकीस मिळाले, ते सर्वांस हक्काने मिळावे, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

'चाकाच्या खुर्ची'विषयीही एक शंका नोंदविणे अवश्य आहे. संस्था उभी राहिली, वसतिगृह झाले, हे वाचून वाचकास हायसे वाटते. या हायसे वाटण्यातच धोका आहे. संस्था ही घराच्या अभावावर शोधलेली थोर तोड आहे; ती आपल्या घराच्या उंबरठ्याला दिलेली सूट नव्हे. लेखिकेच्या कर्तृत्वाला यत्किंचितही उणेपणा न आणता आम्ही म्हणू की, तिची संस्था पाहून देणगी देणाऱ्याने घरी परतल्यावर आपल्या न्हाणीघराचे दारही मोजले पाहिजे. २०१६ सालचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा हेच सांगतो. कलम ५ प्रमाणे अपंगास समाजात राहण्याचा हक्क असून त्याच्यावर अमुकच एका निवासव्यवस्थेची सक्ती करता येत नाही. कलम २५ प्रमाणे सरकारी व खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्यावाचून प्रवेश आणि उपचारांत अग्रक्रम द्यावयाचा आहे. कलम ३७ प्रमाणे घरवाटपाच्या संबंधित योजनांत पाच टक्के राखीव जागा आहेत. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ सालीच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे मापदंड केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरविला, आणि सक्तीचे नियम करण्यास सरकारला फर्माविले.

या कायद्यातील 'सार्वजनिक इमारत' या शब्दात धार्मिक कार्याच्या इमारतीही येतात, हे आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावे. गाभाऱ्याचे सोवळे, मंदिराची शिल्परचना, बाहेरच्या चाकांस लागलेली धूळ, हे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचा विचार महाजनांनी आदरपूर्वक अवश्य करावा. देवस्थानाने स्वतःची धुतलेली खुर्ची प्राकारात ठेवली आणि उचलून ठेवता येणारी लाकडी उतरण केली, तर यांतील बरेचसे आक्षेप उरत नाहीत. परंतु अग्रशाळेचे काय? देवस्थानाच्या सभागृहाचे, धर्मार्थ दवाखान्याचे काय? तेथे कोणते सोवळे आड येते? कुलदेवतेच्या दर्शनास दुरून आलेले कुटुंब अग्रशाळेत उतरते, आणि त्यातील जो चालू शकत नाही तो घरीच ठेवलेला असतो. त्याचा नवस दुसरा कोणी फेडतो, आणि त्याचा प्रसाद दुसऱ्याच्या हातून त्याच्याकडे जातो.

हिशेब अवघड नाही. उतरणीचे मान्य प्रमाण एकास बारा असे आहे. दीड फूट जोत्यास, म्हणजे तीन पायऱ्यांस, अठरा फूट लांबीची उतरण लागते. दारास सुमारे तीन फूट मोकळी रुंदी, आणि शौचालयात भिंतीला धरावयास एक मजबूत दांडा. जीर्णोद्धाराच्या वर्गणीत हा खर्च कोणाच्या नजरेतही भरणार नाही.

ही दोन्ही पुस्तके आमच्या वाचकांनी अवश्य वाचावीत, आणि देवस्थानांच्या वाचनालयांनी ती संग्रही ठेवावीत. मात्र ते वाचनालय पायऱ्या चढून गेल्यावर वरच्या मजल्यावर असेल, तर आधी ते खाली आणावे.