टाकलेल्या पानांचं पुढं काय होतं?

विषयाच्या नावात स्मशान आहे म्हणून घाबरू नका. आज बोलायचंय ते पत्त्यांवरच. 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळात वापरून झालेली, मारली गेलेली, हातातून टाकलेली पानं ज्या ढिगात जातात, त्याला ग्रेव्हयार्ड म्हणतात. त्या ढिगावरच जगणारे कॅट असतात. ते खेळणाऱ्याला 'हा रडीचा डाव आहे' असं सर्रास ऐकवलं जातं. तो आरोप कुठं खरा आहे आणि कुठं खोटा, एवढंच आज तपासायचंय.

आधी आपल्या घरातले खेळ घेऊ. मेंढीकोटात हात झाला की ती चार पानं पालथी पडली. ती मेली. पण त्यांची आठवण कामाची असते. बदामाचा एक्का आणि राजा गेलाय हे ज्याच्या लक्षात आहे, त्याच्या राणीला आता किंमत आली. सावंतवाडीच्या गंजिफ्यात तर दशावताराचे दहा रंग, एकशेवीस पानं. तिथं गेलेलं पान लक्षात ठेवणं हाच निम्मा खेळ.

झब्बूत उलटं आहे. तिथं टेबलावरची पानं तुमच्याकडं परत आली की ती शिक्षा असते. आणि रमीत? समोरच्यानं टाकलेलं पान तुम्ही उचलू शकता, पण फक्त वरचं, एका वेळी एकच, आणि त्याच्या बदल्यात नवीन पान ओढायचा हक्क सोडून. म्हणजे टाकलेलं पान आठवण होऊ शकतं, शिक्षा होऊ शकते, संधीही होऊ शकते. मात्र संधी असते तिथं तिला किंमत लावलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रिचर्ड गारफिल्ड यांचा मॅजिक 1993 साली आला. पहिल्याच संचात 'ॲनिमेट डेड' हे पान होतं, ग्रेव्हयार्डमधला प्राणी परत मैदानात आणणारं. म्हणजे मेलेलं परत येणं ही कुणी नंतर काढलेली पळवाट नाही. ती मूळ खेळातच आहे.

आता कॅटचा पहिला प्रकार, रिॲनिमेटर. 'ग्रिसलब्रँड' नावाचा राक्षस आहे. तो सरळ मार्गानं आणायला आठ मॅना लागतात, मॅना म्हणजे पान खेळायची शक्ती. पाळीला एक जमीन या हिशेबानं आठवी पाळी उजाडते. हा खेळाडू काय करतो? 'एन्टूम' खेळतो, एक मॅना: कॅटमधून राक्षस शोधून थेट ग्रेव्हयार्डमध्ये. मग 'रिॲनिमेट', आणखी एक मॅना: राक्षस मैदानात. दुसऱ्याच पाळीत!

ऐकायला लबाडी वाटते. पण हिशेब पूर्ण करू. रिॲनिमेट करताना राक्षसाच्या किमतीइतका जीव जातो. वीसातून आठ गेले, उरले बारा. त्या राक्षसाकडून सात पानं ओढायची तर आणखी सात जीव द्यायचा. उरले पाच. आता समोरच्यानं राक्षस हटवला तर हा माणूस पाच जीवावर उघडा पडलाय. शिवाय समोरच्याला तीन जागी अडवता येतं: रिॲनिमेट रद्द करा, राक्षस मारा, किंवा ग्रेव्हयार्ड साफ करा. माझ्या मते हा रडीचा डाव नाही. हा जुगार आहे, आणि पैसे टेबलावर ठेवून खेळलेला आहे.

दुसरा प्रकार ड्रेज. तो 2005 च्या 'राव्हनिका' संचात आला. नियम असा: पान ओढायच्या ऐवजी कॅटच्या वरची ठरावीक पानं ग्रेव्हयार्डमध्ये टाका आणि ड्रेजवालं पान तिथून हातात परत घ्या. 'गोलगारी ग्रेव्ह-ट्रोल'साठी हा आकडा सहा आहे. डिझाइन करताना वाटलं असणार की कॅट संपवणं ही मोठी किंमत आहे. पण मॅजिकमध्ये कॅट रिकामा झाल्यानं माणूस हरत नाही, रिकाम्या कॅटमधून ओढायची वेळ आली तर हरतो. त्याआधी डाव संपला तर ती किंमत कधी भरावीच लागत नाही. म्हणजे सहा पानं टाकणं हा तोटा राहिला नाही, ती सहा पानं ओढल्यासारखीच झाली. त्यातली काही पानं पडता पडता फुकट मैदानात येतात. मॅना जेमतेम लागतो, आणि जे खेळलंच नाही ते रद्द तरी कसं करणार?

इथं मला आपल्या सोलापूरची गोष्ट आठवते. चादरीच्या, टॉवेलच्या मागाखाली उरलेलं सूत, चिंध्या आपण फेकत नाही. यंत्रं पुसायला त्या विकल्या जातात. वाया गेलेलं कामाला लावणं ही आपल्याकडं हुशारी समजतात, आणि ती आहेच. पण चिंधीला चादरीचा भाव कुणी देत नाही. ज्या दिवशी चिंधी चादरीपेक्षा महाग होईल, त्या दिवशी लोक चादरी फाडून चिंध्या करायला लागतील. ड्रेजनं नेमकं हेच केलं. मॅजिक हा पानं हातातून खेळायचा खेळ. ड्रेजमध्ये पान हातात असणं गैरसोयीचं आणि ढिगात असणं सोयीचं झालं.

यावर काहींचं म्हणणं असतं, ग्रेव्हयार्ड नुसतं साठवू देऊ नका, ते खर्च करायला लावा, मग सगळं ठीक होईल. मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण इतिहास साक्ष देत नाही. 'ट्रेझर क्रूझ' हे पान ग्रेव्हयार्ड खर्च करूनच स्वस्त होतं. जानेवारी 2015 मध्ये मॉडर्न प्रकारात त्यावर बंदी आली. गंमत म्हणजे त्याच घोषणेत ग्रेव्ह-ट्रोलवरची बंदी उठवली. पुढं 2016 मध्ये 'कॅथार्टिक रियुनियन' आलं, दोन पानं टाका आणि तीन ओढा. म्हणजे दोन मॅनात तीनदा ड्रेज! जानेवारी 2017 मध्ये ट्रोल परत बंदीत.

मग 2019 चा उन्हाळा. जूनमध्ये 'होगाक' आला. सात किमतीचा, आणि पानावर लिहिलंय की त्याच्यासाठी मॅना खर्च करता येणार नाही. ग्रेव्हयार्डमधली पानं काढून आणि मैदानातले प्राणी कामाला लावूनच त्याला आणायचं, तोही थेट ग्रेव्हयार्डमधून. जुलैत त्याच्या जोडीदारावर, 'ब्रिज फ्रॉम बिलो'वर बंदी घालून पाहिली. भागलं नाही. ऑगस्टमध्ये स्वतः होगाक आणि त्याच्याबरोबर 'फेथलेस लूटिंग' दोन्ही गेले. ग्रेव्हयार्ड खर्च करायला लावूनही हे घडलं, कारण ते भरणं फुकट होतं.

म्हणून माझा निकष एवढाच: ढीग रिकामा करायला काय लागतं ते नंतर बघा, भरायला काय लागतं ते आधी बघा. रमीत ते पान उचलायला नवीन पानावर पाणी सोडावं लागतं. रिॲनिमेटरमध्ये जीव जातो. जिथं काहीच जात नाही, तिथं उतारा म्हणून 'लेलाइन ऑफ द व्हॉइड'सारखं पान आणावं लागतं. ते सुरुवातीच्या सात पानांत आलं तर ड्रेजवाला बसल्याजागी संपला, नाही आलं तर तुम्ही संपलात. दोघंही खेळलेच नाहीत. नशिबानं निकाल लावला. माझी तक्रार ड्रेज जिंकतो ही नाही. ड्रेज जिंको की हरो, समोर बसलेल्या माणसाला करण्यासारखं काही उरत नाही, ही आहे.

शेवटी एक प्रश्न आलाय: 'आमच्या ग्रुपमध्ये ग्रेव्हयार्ड कॅटला बंदी घालावी का?' सरसकट नको. एक साधी परीक्षा करा. तो कॅट घेऊन बसलेल्या मित्राबरोबर पाच डाव खेळा आणि प्रत्येक डावानंतर स्वतःला विचारा, मी कुठं वेगळं खेळलो असतो तर निकाल बदलला असता? ती जागा सापडत असेल तर रडू नका, शिका. पाचही डावांत सापडली नाही, तर मित्राला तसं सांगा. बहुतेक वेळा त्यालाही ते जाणवलेलं असतं, कारण एकट्यानं खेळायचा कंटाळा त्यालाही येतोच.