बायकांचा सज्जा

इस्लामी वास्तुकलेवरची बरीच पुस्तकं औरंगजेबापाशी आली की उरकतं घेतात. आपल्या औरंगाबादचा बीबी का मकबरा म्हणजे ताजमहालाची उतरती नक्कल, आणि त्यानंतरचं सगळं नकलेची नक्कल, असा शेरा ठरून गेलेला. मीही तोच मनात धरून भोपाळला गेले. तीन दिवस मशिदी आणि महाल पाहून परतले तेव्हा तो निम्माच खरा वाटला.

मधली थोडी वर्षं सोडली तर 1819 ते 1926 भोपाळचा कारभार चार बेगमांच्या हातात होता. कुदसिया, तिची मुलगी सिकंदर, तिची मुलगी शाहजहाँ, तिची मुलगी सुलतान जहाँ. गादी आईकडून लेकीकडे! बीबी का मकबरा एका बाईसाठी बांधला गेला, तोही ती गेल्यावर. भोपाळात बायकांनी बांधलं, आणि जिवंतपणी त्यात राहिल्या. शाहजहाँ बेगमने स्वतःसाठी जो अवाढव्य राजवाडा उभारला त्याचंही नाव ताजमहालच. त्यात सावन-भादों नावाचा मंडप आहे, पावसाची मजा घेण्यासाठी. फाळणीनंतर याच वाड्यात सिंधी निर्वासितांची कुटुंबं राहिली. आज त्याची पडझड बघवत नाही.

मला सगळ्यात आवडला तो कुदसियाचा गौहर महाल, 1820 चा, मोठ्या तळ्याच्या काठावरचा. मधे चौक, भोवती ओसऱ्या, कोरीव लाकडी खांब. वाड्यात वाढलेल्या बाईला तिथं परकं वाटत नाही. हिंदू कारागिरी कुठं संपते आणि मुघल कुठं सुरू होते हे शोधायचा नाद मी पहिल्या चौकातच सोडून दिला.

सिकंदर बेगमची मोती मशीद मात्र उघड उघड नक्कल आहे. दिल्लीच्या जामा मशिदीचा नमुना, आकाराने बराच लहान. पण साल बघा, 1860. सत्तावन्नच्या उठावानंतर दिल्लीची ती मशीद इंग्रजांनी ताब्यात घेतली होती, ती मुसलमानांना परत मिळाली 1862 मध्ये. म्हणजे जिथं नमाज बंद पडला होता, त्या मशिदीचं रूप ही बाई आपल्या गावात उभं करत होती. आणि हीच सिकंदर सत्तावन्नला इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली होती, हेही विसरून चालणार नाही. तिच्या मनात काय होतं कोण जाणे. त्या साली केलेल्या नकलेला मला नुसती नक्कल म्हणवत नाही, एवढं खरं.

आता ताज-उल-मसाजिद. शाहजहाँ बेगमचं सगळ्यात मोठं स्वप्न. खरं सांगायचं तर बाहेरून ती मला थोडी बोजड वाटली. अठरा मजली दोन मिनार, तीन घुमट, सगळं 'केवढं मोठं' असं म्हणायला लावणारं. आत गेल्यावर सूर बदलतो. खांबांमागून खांब, कमानीत कमान, आणि पाय आपोआप हळू पडतात. मोठ्या बसदीत शिरताना होतं ना, तसंच.

पण माझी नजर खिळली ती सज्जावर. बायकांना नमाज पढता यावा म्हणून त्यासाठी खास जागा योजलेली आहे. गुजरातच्या जुन्या मशिदींत राजघराण्यासाठी असे कक्ष आहेत, तेव्हा कल्पना अगदी नवी नव्हे. तरी बायकांनी घरीच नमाज पढावा हा रिवाज असताना एवढ्या मोठ्या मशिदीत त्यांची जागा आधीच धरणं ही साधी गोष्ट नाही. दुसरी बाजूही आहे. तिची आई सिकंदर उघड्या चेहऱ्याने राज्य करत होती. शाहजहाँ बेगम 1871 मध्ये दुसऱ्या लग्नानंतर पडद्यात गेली. म्हणजे हा सज्जा जागा देतो आणि झाकतोही. कौतुक करायचं तर दोन्ही बघून करावं.

आणि बोट दाखवण्याआधी आपलं घर बघावं. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात बीसपंथी मंदिरांत बायका अभिषेक करतात, मला त्याची सवय. त्याच प्रवासात वाटेतल्या एका तेरापंथी मंदिरात मी कलश घ्यायला पुढे झाले, तर एक गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, "बहनजी, आप यहीं से दर्शन कर लीजिए." मी मागे झाले. रीतच तशी, भांडण काय करणार! पण दुसऱ्या दिवशी सज्जाकडे बघताना ते वाक्य कानात होतं.

श्रवणबेळगोळची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. काळलदेवीला बाहुबलीच्या दर्शनाची आस लागली म्हणून तिच्या मुलाने मूर्ती घडवली. तिथं पायाशी जी जुनी मराठी ओळ कोरली आहे, जी आपण अभिमानाने एकमेकींना दाखवतो, तिच्यात चामुंडरायाचं नाव आहे. आईचं नाही. गुळ्ळकायज्जीचा लहानगा दुधाचा कलश आठवणारा समाज आपला, तरी ओळीत आई नाही. भोपाळात हुकूम, पैसा आणि नाव तिन्ही बाईचं होतं. मिनार बोजड वाटले तरी हे मला मोठं वाटतं.

1901 मध्ये शाहजहाँ बेगम गेली तेव्हा मशीद अपुरी होती, आणि पैशाअभावी ती तशीच राहिली. काम पुन्हा सुरू झालं 1971 मध्ये, मौलाना मुहम्मद इम्रान खान नदवींच्या पुढाकाराने, आणि पुरं झालं 1985 मध्ये. तोवर संस्थान गेलं होतं, बेगमा गेल्या होत्या, काम पुरं करणारे सगळे पुरुष होते. बायकांचा सज्जा त्यांनी ठेवला.